केस कुणाचे, नियम कुणाचा?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गल्लीतला आहे आणि दोनशे वर्षं जुनाही आहे.

मागच्या पंधरवड्यात आमच्या शेजारच्या मावशींचं काम सुटलं. मावशी नात्यातल्या नाहीत, पण गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या त्या मावशीच. पाच वर्षं एका खानावळीत भांडी घासायच्या, भाज्या निवडायच्या, गर्दी असली की पोळ्याही लाटायच्या. खानावळ नव्या मालकाकडं गेली. पहिल्याच आठवड्यात त्यानं मावशींना बाजूला बोलावलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या डोक्यात जट हाय. गिऱ्हाईक बघतंय. कापून या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशी काही न बोलता घरी आल्या.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर हाच विषय. एक जण म्हणाला, "कापायची की, त्यात काय एवढं?" दुसरा म्हणाला, "मालकाचं बरोबर हाय, अन्नाचं काम हाय." तिसऱ्याचा भाचा पुण्यात एका शोरूमला लागलाय. तो म्हणाला, "तिकडं केस कानाखाली आले की पोराला घरी पाठवतेत. कंपनीचा नियम हाय, पाळावा लागतो." चौथा गप्पच होता. जाताना एवढंच म्हणाला, "मावशीच्या डोक्यावरनं तिची रोजी गेली, हे काय बरं नाही झालं."

आता माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. जट ही देवीची कृपा आहे असं मी मानत नाही. केस विंचरले गेले नाहीत, घाम, धूळ, तेल साचलं की केस एकमेकांत गुंततात आणि त्यांची जट होते. त्यात खाज येते, उवा होतात, मानेवर भार येतो. ती निघावी असंच मला वाटतं. तरीही चौथ्या माणसाचं म्हणणं मला पटलं. का पटलं, ते सांगण्यासाठी ही पोस्ट.

प्रश्न साधा आहे. काम देणाऱ्याचा काम करणाऱ्याच्या डोक्यावर किती हक्क?

हा प्रश्न आपल्या देशात एकदा बंदुकीच्या आवाजात विचारला गेलाय. साल १८०६. तमिळ मुलखातल्या वेल्लोरच्या किल्ल्यात कंपनी सरकारची फौज होती. मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक. त्यानं हिंदी शिपायांसाठी नवा नियम काढला. कपाळावर गंध नको, दाढी नको, मिशा ठरवून दिलेल्या मापाच्या आणि डोक्यावर जुन्या पागोट्याऐवजी नव्या घाटाची टोपी, तीही चामड्याचा तुरा लावलेली. अधिकाऱ्यांच्या लेखी ही फक्त शिस्त. सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, बस्स. शिपायांना मात्र आपला धर्म आणि आपली अब्रू दोन्ही उतरवल्यासारखं वाटलं. ज्यांनी नकार दिला त्यांना फटक्यांच्या शिक्षा झाल्या. १० जुलै १८०६ च्या पहाटे शिपाई उठले. शंभराहून जास्त गोरे सैनिक मारले गेले. नंतर इंग्रजांनी उठाव मोडला, त्यात शेकडो हिंदी शिपाई गेले.

त्या उठावाला दुसरीही कारणं होती. टिपू सुलतानाचं कुटुंब त्याच किल्ल्यात नजरकैदेत होतं. पण ठिणगी पडली ती दाढी, मिशी, गंध आणि टोपीच्या हुकमावरून. तेव्हा आपला हा मुलूख निजामाकडं होता. निजामाच्या राजधानीत, हैदराबादला, कंपनीची तैनाती फौज होती, तिथंही याच हुकमावरून कुरबूर सुरू झाली आणि तिथल्या अधिकाऱ्यांना तो मागं घ्यावा लागला. पुढं नियमच रद्द झाला. क्रॅडॉक आणि मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक, दोघांनाही परत बोलावलं गेलं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. नियम काढणाऱ्याला जे फक्त "नीटनेटकं" वाटतं, ते ज्याच्या डोक्यावर लादलं जातं त्याला तसंच वाटेल असं नाही. आणि नियम काढताना त्याला कुणी विचारत नाही.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर हुकूम चालवायची सवय आपल्या समाजाला त्याच्या कितीतरी आधीपासून होती. विधवेचं केशवपन घ्या. ब्राह्मण आणि स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्या काही जातींत नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचे. बाई दहा वर्षांची असली तरी. एकदा नाही, जन्मभर, पुन्हा पुन्हा. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. न्हाव्याला बोलवायचं, तो परसदारी येणार, काम करून जाणार.

यात एक माणूस आपण विसरतो. तो न्हावी. त्याच्यासाठी ते काम होतं. त्याचे पैसे मिळायचे. रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा चालवताना त्याला काय वाटत असेल, हेही कुणी विचारलं नव्हतं.

१८९० साली मुंबईत ते घडलं. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती याच १८९० साली आणि तिच्यामागं लोखंड्यांची लढाई होती, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या शेकडो न्हाव्यांची सभा झाली आणि ठरलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. न्हाव्यांचा संप म्हणून ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. जोतीराव तेव्हा हयात होते. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ते गेले.

मला या संपाचं फार मोठेपण वाटतं. पगार वाढवून द्या म्हणून तो नव्हता. उलट हातातलं मिळणारं काम सोडायचं होतं. ज्या समाजानं "न्हावी तो न्हावीच" म्हणून त्यांना पंगतीच्या कडेला बसवलं, त्याच समाजातल्या लेकीबाळींसाठी त्यांनी हात आखडला. आजही आपण कुणाची फजिती झाली की "हजामत झाली" म्हणतो, हसतो. ज्यांच्या धंद्याचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्या माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलेल्या लोकांना लाजवलं होतं. न्हाव्यांच्या सभेनं एका दिवसात प्रथा संपली नाही. पण "हे काम आहे, केलंच पाहिजे" या वाक्याला पहिल्यांदा "नाही" असं उत्तर मिळालं.

याच काळातल्या एक बाई आहेत पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, म्हणजे पार्वतीबाईंच्या बहिणीशी. पार्वतीबाईही विधवा, केशवपन झालेल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, जो पुढं हिंगण्याला गेला. त्या आश्रमासाठी पार्वतीबाई गावोगाव फिरायच्या, भाषणं करायच्या, वर्गणी गोळा करायच्या. हे त्यांचं काम होतं, आजच्या भाषेत नोकरीच म्हणा.

आणि या कामात त्यांचं डोकं आडवं यायचं. केस राखलेली विधवा म्हटलं की लोक संशयानं बघणार, दारात उभं करणार नाहीत, वर्गणी तर लांबच. म्हणून वर्षानुवर्षं त्या रूढीच्याच वेशात राहिल्या. म्हणजे बघा, विधवांना मोकळं करायच्या कामासाठीसुद्धा विधवेला डोकं भादरून फिरावं लागत होतं, कारण गिऱ्हाईक बघतंय! चाळिशी उलटल्यावर, १९१२ साली, त्यांनी केशवपन बंद केलं आणि केस वाढू दिले. टीका झाली, पण त्या काम करत राहिल्या. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या, इंग्रजी धड येत नसताना. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ सालचं. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावं.

आता मुंबई-पुण्याहून आपल्या गावात येऊ.

आपल्याकडं केसांचा नियम बाईपुरता नव्हता, जातीपुरताही होता. गावातला न्हावी बलुतेदार. तो सगळ्या गावाची करायचा, पण महारवाड्यात आणि मांगवाड्यात जायचा नाही आणि त्या लोकांनी त्याच्यासमोर बसायचं नाही. तिथली माणसं एकमेकांचे केस कापायची, मिळेल त्या कात्रीनं, कसेबसे. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं अजून हे सांगतात. म्हशी भादरायला चालतात, माणूस चालत नाही, हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकलंय.

न्हाव्याचीही एक अडचण होती. त्यानं वस्तीत वस्तरा चालवला तर गाव त्याचं बलुतं बंद करणार. म्हणजे नियम गावाचा, हात न्हाव्याचा, आणि भोगायचं ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्यानं.

आता पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा. याच वस्तीतलं पोरगं शाळेत जायला लागतं. मास्तर म्हणतात, "केस बघ कसे झालेत! उद्या कापून ये, नाहीतर वर्गात येऊ नको." मास्तरांचा नियम सगळ्यांना सारखा. पण केस कापायची सोय सगळ्यांना सारखी होती का? एका दाराला न्हावी येणार नाही आणि दुसऱ्या दाराशी न्हाव्याकडून आल्याशिवाय आत घेणार नाहीत. "नीटनेटके दिसा" हा नियम ऐकायला किती साधा. पण ज्याला नीटनेटकं होऊच दिलं नाही त्याच्यासाठी तो नियम दार बंद करायचा अडसर होतो.

आणि काहींचे केस कापूच द्यायचे नाहीत, हाही नियम होता. पोतराज आठवतो? आमच्या लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी गल्लीत यायचा. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, कपाळभर कुंकू, पाठीवर मोकळे सोडलेले लांब केस, हातात कोरडा. बायको डोक्यावर मरीआई घेऊन, ढोलकं वाजवत. तो कोरडा स्वतःच्याच अंगावर ओढायचा आणि आम्ही पोरं दाराआड लपून बघायचो. त्याचे केस त्यानं हौसेनं वाढवलेले नसायचे. मांगवाड्यातल्या घरी मूल जगत नाही म्हणून नवस बोललेला, पोरगं मरीआईला सोडलेलं. मग त्याच्या केसांना कात्री नाही. आणि त्या केसांनिशी त्याला दुसरं काम कोण देणार? शाळेत कोण बसवणार? केस पोतराजाचे, म्हणून धंदा पोतराजाचा, म्हणून पोरगंही पोतराज. पुढं चळवळीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पोतराजांची समजूत घालून केस उतरवले, तेव्हा कितीतरी घरांतली पोरं शाळेच्या वाटेला लागली.

बाबासाहेब आंबेडकरांना ही गोष्ट फार आधी कळली होती. माणसाचं दिसणं आणि माणसाचं काम, दोन्ही जन्मावरून ठरवून टाकलंय आणि दोन्ही बेड्या एकत्रच तोडाव्या लागतील. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत त्यांनी बायकांना सांगितलं की ज्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात लांबूनच ओळखू येते, ते सोडा. आणि आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला बाबासाहेब आले होते. तडवळ्यातली ती शाळा आजही लोक बघायला जातात. परिषदेचा विषय वतन, म्हणजे जन्मानं गळ्यात पडलेलं गावकीचं काम. केसांचा तिथं विषय नव्हता, पण मूळ प्रश्न तोच. तू कोण, हे तुझ्या कामावरून आणि तुझ्या अंगावरच्या खुणांवरून गाव ठरवणार, की तू ठरवणार?

सात वर्षांनी त्याचं उत्तर दिल्लीत लिहिलं जात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. त्यानंतर अडीच महिनेही झाले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत दुकानं, हॉटेलं, विहिरी सगळ्यांना खुल्या ठेवणाऱ्या कलमावर चर्चा सुरू होती. दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की दुकान हा शब्द रुंद अर्थानं घ्यायचा. नुसतं आत पाऊल टाकायचा हक्क नाही, जो कुणी सगळ्यांसाठी सेवा मांडून बसलाय त्याची सेवा मिळण्याचा हक्क. म्हणजे केशकर्तनालय आलंच. तेच आजचं संविधानातलं कलम १५ (२). अस्पृश्यता संपवणारं कलम १७ सुद्धा त्याच दिवशी मंजूर झालं. १९५५ साली अस्पृश्यता हा शिक्षेचा गुन्हा ठरवणारा कायदा आला, त्यालाच १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात.

आज आपण सलूनमध्ये जाऊन नंबर लावतो, खुर्चीत बसतो, मोबाईल बघत बसतो. त्या खुर्चीत कुणीही बसू शकतो ही गोष्ट आपोआप झालेली नाही.

पण एक जागा मोकळी राहिली. दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाईकाचा हक्क संविधानानं लिहून ठेवला. त्याच दुकानात काम करणाऱ्याच्या केसांचं काय? सरकारी नोकरीत कलम १५, १६ चा आधार घेता येतो. खासगी नोकरीत केसांवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदा आपल्याकडं नाही. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे, त्यात नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. त्याआधी २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की आपली लिंगओळख पेहरावातून, वागण्यातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे. लांब केस राखणाऱ्या जोगत्याला काम मागताना याचा आधार होऊ शकतो. बाकीच्यांचं बरंचसं मालकाच्या मर्जीवर.

वर्दीच्या नोकरीत न्यायालयांनी बहुतेक वेळा शिस्तीच्या बाजूनं कौल दिलाय, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आपल्याच राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढीवरून निलंबित केलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१२ मध्ये त्याची याचिका फेटाळली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात तडजोड सुचवली गेली, ती त्याला मान्य झाली नाही. २०२४ सालीही तो विषय न्यायालयापुढं होताच. वायुदलातल्या अशाच एका प्रकरणात १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं दलाचा नियम कायम ठेवला. त्याच वायुदलात शीख जवान मात्र केस आणि दाढी राखून, पगडी बांधून नोकरी करतात. नांदेड आपल्याला काही लांब नाही, आपण रोज बघतो. त्यांच्या केसांमुळं शिस्त कुठं बिघडली असं कुणी म्हणत नाही. म्हणजे एकसारखेपणाच्या नियमाला वाट काढता येते. ती कुणासाठी काढायची, इथं खरा वाद आहे. तुमचं मत काहीही असो, हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही.

आणि हे फक्त धर्माचं किंवा जातीचं आहे असंही नाही. विमान कंपन्यांचं बघा. एअर इंडियाची हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपायची, असा नियमच होता. तो १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्याच कंपनीची नोव्हेंबर २०२२ मधली नवी नियमावली पेपरात आली होती. पांढरे केस असतील तर रंगवायचे, पुढून टक्कल पडत चाललं असेल त्या पुरुषांनी डोकं पूर्ण भादरायचं. विमान उडवायला किंवा प्रवाशांना पाणी द्यायला काळे केस लागतात का? लागत नाहीत. पण गिऱ्हाईक बघतंय! खानावळीतलं वाक्य आणि विमानातलं वाक्य एकच.

सातासमुद्रापलीकडं अमेरिकेतही हेच. २०१० साली अलाबामा राज्यात एका काळ्या वर्णाच्या बाईला नोकरी मिळाली, आणि तिच्या केसांच्या गुंतवलेल्या लटा कापायला नकार दिला म्हणून तीच नोकरी काढून घेतली. २०१६ साली अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. केस बदलता येतात, कातडीचा रंग बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नाही, असा त्यांचा युक्तिवाद. लोक खवळले. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यानं क्राउन कायदा केला आणि वंशाशी जोडलेल्या केसरचनेवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. नंतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

इथं एक सावधगिरी. त्या बाईच्या लटा आणि आमच्या मावशींची जट दिसायला सारखी वाटली तरी एक नाही. त्या बाईच्या लटा तिच्या आवडीच्या, अभिमानाच्या. मावशींची जट भीतीची आहे. मी त्यांच्याशी बोललो तेव्हा म्हणाल्या, "बाबा, मला का हौस हाय व्हय? मान दुखती, रातीची झोप लागत नाही. पर कापली अन् लेकराला काय इपरीत झालं तर?" म्हणून अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा उचलून "जट हा मावशींचा हक्क" असं म्हणून मी मोकळा होणार नाही. भीती हा कुणाचा हक्क नसतो.

पण त्या भीतीवर उपाय काय, नोकरी काढून घेणं? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं जटा सोडवायचं काम करतायत. ते काय करतात? घरी जातात, एकदा नाही, चार-चारदा जातात. घरच्यांशी बोलतात. जट कशामुळं होते ते सांगतात. ज्यांनी जट काढली आणि ज्यांचं काही वाईट झालं नाही अशा बायकांची गाठ घालून देतात. बाई स्वतः हो म्हणाली की मगच कात्री. पोटाला चिमटा घेऊन कापलेली जट मनातून जात नाही. पुढं घरात पोरगं तापानं फणफणलं तरी ती बाई म्हणणार, मी कापली म्हणून झालं.

आता मालकाच्या बाजूनंही बघू, कारण तोही आपल्यातलाच आहे, त्याचंही पोट त्या धंद्यावर आहे. अन्नाच्या कामात स्वच्छता पाहिजे, यात वाद नाही. अन्न सुरक्षेच्या नियमांतच आहे की अन्न हाताळणाऱ्यानं डोकं झाकलेलं असावं. बरोबर आहे. मग मी त्या खानावळीत गेलो, जेवलो आणि आत डोकावून बघितलं. आचाऱ्याच्या डोक्यावर टोपी नाही. वाढणाऱ्या दोन पोरांचे केस कपाळावर, टोपी नाही. गल्ल्यावर बसलेल्या मालकाचं तर सोडाच. नियम केसांचा असता तर तो सगळ्यांच्या केसांना लागला असता. लागला फक्त मावशींना.

म्हणून, एवढा इतिहास वाचल्यावर मला वाटतं, कामावरच्या केसांच्या कुठल्याही नियमाला तीन प्रश्न विचारावेत. एक, या नियमाची कामाला खरोखर गरज आहे का, की फक्त कुणाच्या डोळ्याला खुपतंय? दोन, तो सगळ्यांना सारखा लागतो का? तीन, तो पाळायची ऐपत, सोय आणि मोकळीक ज्याला पाळायचाय त्याच्याकडं आहे का? वेल्लोरचा हुकूम पहिल्याच प्रश्नात नापास होतो. मास्तरांचा "केस कापून ये" तिसऱ्यात. खानावळीचा नियम पहिल्या प्रश्नात अर्धा पास होतो आणि पुढच्या दोन्हीत नापास.

मी आणि गल्लीतल्या एक शिक्षिका ताई परवा मालकाला भेटलो. भांडायला नाही गेलो. म्हणालो, सगळ्यांना टोप्या द्या, मावशींनाही मोठा रुमाल बांधायला सांगा, वाटलं तर टोप्यांचे पैसे आम्ही देतो. जटेचं आमच्यावर सोडा, त्यांच्या कलानं घेऊ. मालकानं ऐकून घेतलं. "बघतो," म्हणाला. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. ताई दर रविवारी मावशींकडं जाऊन बसतात. मावशी म्हणाल्यात, दसरा होऊ द्या, मग बघू.

तोवर त्यांची चूल कशी पेटायची, हा प्रश्न आहेच. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी स्वतःचं मिळणारं काम सोडून दुसऱ्याच्या लेकीचं डोकं वाचवलं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. एखाद्या बाईच्या डोक्याकडं बघून तिच्या हातचं काम काढून घेऊ नये, एवढंच.

तुमच्या ओळखीत असं कुणाचं झालंय का? शाळेत, दवाखान्यात, दुकानात, कंपनीत? आजारपणात केस गेले म्हणून कुणाला मागं बसवलंय का? नावं टाकू नका, अनुभव लिहा. आणि धाराशिव शहरात स्वयंपाकाच्या, साफसफाईच्या कामाला कुणी प्रामाणिक बाई हवी असेल तर मला कळवा. मावशी कामाला वाघ आहेत.